हिराजीची एकच पकड

"एक!" अण्णा चवरकरांनी माझ्या वहीवर बोट आपटलं, तसा बशीतला चहा हिंदकळून पानावर सांडला. "तीन सामने झाले, मास्तर. तीन! आणि ह्याच्या पकडी किती? एक. अहो, तीन सामन्यांत पंचाच्या पायात अडकूनसुद्धा एखादा गडी पडतो!"

मी उपरण्याच्या टोकानं वही पुसली. चहा नेमका हिराजी म्हात्रेच्या नावावर सांडला होता.

"आणि हे गळ्यात काय अडकवलंय?" अण्णांनी विचारलं.

"टाळ."

"ते दिसतंय मला. आपण जिल्ह्याचा संघ निवडायला आलोय की भजनाला?"

"दोन्हीला," मी म्हटलं. "काल्याचं कीर्तन झाल्याशिवाय इथं शिट्टी वाजत नाही, अण्णा. मग नुसतं बसून काय करू?"

एकोणनव्वद सालचा माघ महिना होता. खारकोंड गावात सात दिवसांचा हरिनाम सप्ताह होता, आणि शेवटच्या तीन दिवसांत मंडपाच्या शेजारी, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात कबड्डीची स्पर्धा. गावाचा नियम एकच. सकाळी काला होईपर्यंत मैदान बंद. मग महाप्रसाद, आणि मग अंतिम सामना, ह्या वेळी खारकोंड विरुद्ध वेलवली. मी तेव्हा शाळेत खेळ शिकवायचो, जिल्ह्याच्या निवड समितीवर होतो, आणि कीर्तन म्हटलं की जेवणाचं ताट बाजूला सारून उठायचो. त्यामुळे त्या दिवसाइतका सुखाचा दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा आलेला नाही. फक्त त्या वहीतलं एक नाव सलत होतं.

अकरा नावं ठरली होती. बाराव्या जागेसाठी दोघे होते. एक वेलवलीचा शशिकांत राऊत, अंगानं दांडगा, चढाई करणाऱ्याला धडक देऊन मैदानाबाहेर फेकणारा. दुसरा खारकोंडचा हिराजी.

हिराजीला मी सहा वर्षं पाहत होतो. डावा कोपरा म्हणजे हिराजी, अशी ख्याती होती. मैदानाच्या टोकाला उभा राहायचा आणि चढाई करणाऱ्यानं पाय जरा लांबवला की घोट्याला असा चिकटायचा, की त्याला सोडवायला पंचाला वाकावं लागायचं. एका सामन्यात पाच-सहा पकडी ठरलेल्या. मग होडीतून उडी मारताना गुडघा फिरला. बरा झाला, पण कोपऱ्यावर लागतो तसा सूर मारणं संपलं. गावच्या संघानं त्याला कोपऱ्यावरून काढून शेजारच्या आतल्या जागेवर आणलं, आणि कोपऱ्यावर वीस वर्षांच्या परशुराम भोईरला उभं केलं. ह्या पर्शाच्या नावापुढे माझ्या वहीत तीन सामन्यांत चौदा रेघा होत्या. त्याची निवड पहिल्या दिवशीच झाली होती.

"कोपऱ्यावरचा वाघ आत येऊन मांजर झालाय," अण्णा म्हणाले. "वाईट मलाही वाटतं. पण यादी पाच वाजता द्यायचीय. राऊतच्या सात पकडी आहेत. सात मोठे की एक मोठा? तुम्ही शाळेत शिकवता म्हणून विचारतो."

"मी खेळ शिकवतो. गणिताचे मास्तर वेगळे."

"मग आज शिकून घ्या!"

मी हसलो खरा, पण मनातून मलाही तेच पटलं होतं. मी स्वतः दहा वर्षं कोपऱ्यावर खेळलेला माणूस. घोटा धरला तर धरला, नाही तर नाही. बचाव करणाऱ्याचं दुसरं माप मला ठाऊकच नव्हतं. मी पेन्सिल काढली आणि हिराजीच्या नावाशेजारी बारीक फुली मारली. खोडता येईल अशी, पण फुलीच.

तेवढ्यात खुद्द हिराजी समोरून आला. डोक्यावर लाह्यांची पाटी, कपाळाला बुक्का. मी वही मिटली.

"सर, यादी आजच ना?"

"आज. पाचला."

"बरं." तो थोडा घुटमळला. मग लाजून म्हणाला, "माझ्यासाठी नाही विचारत. आमची आई विचारते. माझा जिल्ह्याचा जुना बनियन ती अजून दर रविवारी धुते आणि रस्त्याच्या बाजूला वाळत घालते. लोकांना दिसावा म्हणून. आता त्याच्यावरचा आकडापण गेला. म्हणते, ह्याचं फडकं व्हायच्या आत नवीन आण."

"किती वर्षांचा झालास रे?"

"एकोणतीस. पुढच्या वर्षी कोण विचारणार, सर? पण ह्या वर्षी पर्शा आहे संघात. एकदा त्याच्या शेजारी जिल्ह्यासाठी उभं राहावं, एवढंच वाटतं."

पाटी सावरत तो मंडपाकडे गेला. अण्णांनी त्याच्या पाठीकडे बघत बशी उचलली. मग चहाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाले, "बनियनवर नाही हो निवडता येत संघ."

कीर्तनाला विष्णुबुवा होते. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि हसवण्याची हातोटी अशी की मागे उभ्या टाळकऱ्यांचा ताल चुकायचा. काल्याचं कीर्तन म्हणजे कृष्णाच्या बाललीला, गोपाळांचे खेळ, आणि शेवटी हंडी. समोर कबड्डीची पोरं बसलेली पाहून बुवांना चेव आला.

"तुमची ही कबड्डी म्हणजे आमचा हुतुतू बरं का! यमुनेच्या वाळवंटात गोपाळ हुतुतू खेळायचे. आणि देव कुठल्या बाजूला? जी बाजू हरतेय तिच्या! म्हणून खारकोंडकरांनो, आज दुपारी आधी थोडं हरून घ्या!"

मंडपात हशा फुटला. मग बुवांनी गोवर्धनाचा प्रसंग घेतला. सात दिवस पाऊस, देवानं डोंगर करंगळीवर उचललेला, आणि खाली सगळे गोपाळ आपापल्या काठ्या लावून उभे.

"ज्याला त्याला वाटतंय, डोंगर माझ्याच काठीवर आहे! आणि आपला पेंद्या, पाय वाकडे, काठी बोटाएवढी, तो देवाला काय म्हणतो? 'किसना, तू दमलास. जरा बाजूला बस. माझ्या काठीवर आहे डोंगर!' देव म्हणाला, 'बरं बाबा.' आणि करंगळी घेतली जराशी खाली!"

बुवांनी डोंगर खाली आल्याची अशी काही सोंगं केली, की पुढच्या रांगेतले लोक खरोखर डोकं धरून खाली वाकले. पखवाजवाल्यानं डोंगर करकरल्यासारखा घुमारा काढला. मी टाळ धरून हसत होतो. सगळ्यात पुढे हिराजी बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, इतका तो हसत होता. शेजारी पर्शा. तोही हसत होता, पण अधूनमधून हिराजीच्या तोंडाकडे बघून. मला ते आठवतं, कारण मला वाटलं, बिचाऱ्या हिराजीला अजून फुलीचं माहीत नाही.

हंडी फुटली. बुवांनी काला वाटला. त्यावर महाप्रसादाचा वरणभात, वांग्याची भाजी आणि बुंदी. वेलवलीच्या पोरांनी बुंदी तीनदा मागून घेतली, आणि खारकोंडच्या वाढप्यांनी ती मोठ्या प्रेमानं, दुसऱ्या संघाच्या पोटाचा पूर्ण विचार करून, वाढली.

बुवांच्या पाया पडून, टाळ पिशवीत ठेवून मी मैदानावर पोचलो, तर निवड समितीच्या टेबलाशी माझ्या खुर्चीवर सभापतींचे मेहुणे बसलेले.

"तुम्ही आलात उशिरा, मास्तर," अण्णा म्हणाले. "आता त्यांना उठवू कसं? जा, कुठंतरी टेका."

जागा फक्त एकच उरली होती. मैदानाच्या अगदी मागे, शेवटच्या चुन्याच्या रेषेपलीकडे, डाव्या कोपऱ्याच्या पाठीशी. तिथं बायका बसल्या होत्या. मी मांडी घालून बसलो. समितीवर आल्यापासून मी कधी मागून सामना पाहिला नव्हता. पुढून खेळाडूंचे चेहरे दिसतात, पाय दिसतात, कुणी घोटा धरला ते स्पष्ट दिसतं. मागून दिसतात त्या पाठी. आणि हात.

कबड्डीत बचाव करणारे साखळी करून उभे राहतात. कोपऱ्यावरच्या गड्याचा हात शेजारच्याच्या हातात. पर्शाचा उजवा हात हिराजीच्या डाव्या हातात होता, माझ्यापासून चार पावलांवर.

वेलवलीचा पहिला गडी चढाईला आला. कोपऱ्यासमोर येऊन त्यानं पाय पुढे टाकला. खोटा पाय, नुसतं आमिष. पर्शा झेप घ्यायला वाकला. पण गेला नाही. मला वाटलं, वा, पोराला समज आलीय! दुसऱ्यांदा पाय पुढे आला. पुन्हा पर्शा वाकला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा गड्यानं पाय खरोखर टेकवला, अंगाचा भार त्यावर दिला, आणि पर्शा बाणासारखा सुटला. घोटा! टाळ्या! मी रेघ ओढली. पर्शा, एक.

पण पेन्सिल उचलता उचलता मला काहीतरी खटकलं. दुसऱ्या चढाईला मी पाय सोडून हात बघत बसलो.

हिराजीनं हात सैल सोडला होता. चार बोटं मोकळी. पण करंगळी पर्शाच्या करंगळीत अडकवलेली. गड्यानं खोटा पाय टाकला, पर्शाचं अंग पुढे झालं, आणि ती करंगळी ताठ झाली. एवढीशी. पर्शा जागेवर. पुन्हा खोटा पाय, पुन्हा करंगळी. मग खरा पाय पडला आणि करंगळी उघडली. पर्शा सुटला, आणि हिराजी त्याच्यामागून एकच पाऊल सरकून गड्याची पळायची वाट अडवून उभा राहिला. त्याच्यावर कुणाला हात लावायची वेळच आली नाही.

टाळ्या पर्शाला. रेघ पर्शाला.

"असा मध्येच उभा राहतो नुसता माझा हिरा," शेजारची म्हातारी मला म्हणाली. ती त्याची आई होती, हे तेव्हा मला कळलं. "पयला किती पकडायचा! आता त्या पर्शालाच सगळा गाव खांद्यावर घेतो."

"आजी, आज नीट बघा," मी म्हटलं. माझाच आवाज मला वेगळा वाटला.

मी वहीचं नवीन पान उघडलं. पकडी सोडून दिल्या. हिराजीच्या बाजूला आलेला गडी काय घेऊन परत जातो, एवढंच लिहायचं ठरवलं. सात चढाया, चार गडी जागीच बाद, तीन रिकाम्या हातानं परत. मध्यंतराला खारकोंड सहा गुणांनी पुढे. बाजू बदलल्या, तसा बायकांसोबत मीही पलीकडे जाऊन पर्शाच्या पाठीशीच बसलो.

उत्तरार्धात हिराजी बाद झाला. साधा स्पर्श, कुणाचाही व्हावा असा. तो बाहेर जाऊन बसला आणि पर्शाच्या शेजारी दुसरा पोरगा आला. त्यानं पर्शाचा हात कचकचून धरला होता, ओढाओढी व्हावी तसा. गडी आला. खोटा पाय. पर्शानं हात हिसडून झेप घेतली आणि तोंडावर आपटला. उघड्या पडलेल्या बाजूनं गडी पलीकडच्या एकाला शिवून परतला, एक गुण गेला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर पर्शा इतक्या आधी सुटला, की गड्यानं त्याला वरून उडी मारून ओलांडला आणि वर हात जोडून नमस्कार केला. बायकासुद्धा हसल्या. त्यात खारकोंडचाही एक गडी चढाईत पडला, आणि सहाची आघाडी एकवर आली.

"डोंगर बसला खाली," मी पुटपुटलो.

"काय म्हणालात?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही. बुवांचं आठवलं."

बाहेर बसलेला हिराजी ओरडत नव्हता, सूचना देत नव्हता. मांडीवर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हाताची करंगळी मात्र प्रत्येक चढाईला ताठ होत होती. आपल्याच उजव्या अंगठ्यात अडकवून.

तीन मिनिटं राहिली असताना तो आत आला. पर्शानं न बघता हात मागे केला. पुढच्या दोन चढाया पर्शानं घोट्याशी संपवल्या, तिसरा गडी लांबूनच हात हलवून परत गेला. खारकोंड तीन गुणांनी जिंकलं. लोकांनी पर्शाला खांद्यावर घेतलं. हिराजी सीमेच्या चुन्यावर खाली बसून गुडघा चोळत होता.

मला एकदम माझा बाळा केणी आठवला. दहा वर्षं माझ्या शेजारी उभा असायचा. मी त्याला किती वेळा ओरडलो असेन, 'हात सोड ना लवकर!' म्हणून. त्याच्या नावावर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पकडी होत्या. निरोपाच्या सत्कारात शाल मला मिळाली, त्याला नारळ.

पाण्याच्या रांजणाशी मी हिराजीला गाठलं.

"करंगळी दाखव."

त्यानं चोर पकडल्यासारखा हात मागे घेतला. "कशाला, सर?"

"दाखव म्हणतो ना."

करंगळी सुजली होती, सांध्याशी निळी.

"पर्शाला माहीत आहे हे?"

"नाही, सर!" तो घाबरून इकडेतिकडे बघू लागला. "तुम्ही सांगू नका हां. पोरगा फार उतावळा आहे. पण कुणी धरून ठेवतंय असं कळलं ना, तर त्याचा हात घट्ट होईल. मग नाही जमायचं. त्याला वाटू दे ना, आपणच थांबलो."

"आणि तुझं नाव? यादीचं काय?"

तो हसला, पण सकाळसारखं नाही. "ते तुमच्या वहीत, सर. मी काय सांगणार? आईला जरा वाईट वाटेल."

पाचला दहा कमी होते. अण्णा यादीवर राऊतचं नाव लिहायला बसले होते.

"थांबा," मी म्हटलं. "हिराजी लिहा."

"आज किती पकडी?"

"एकही नाही."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, सकाळी कीर्तन, दुपारी बुंदी. तुम्ही जरा झोपा."

मी वही उघडून समोर ठेवली. हिराजी आत असताना त्याच्या बाजूला अकरा चढाया, एक साधा स्पर्श सोडला तर एक गुणही गेला नाही. तो बाहेर असताना तिथंच तीन चढाया, तीन वेळा पर्शा तोंडघशी. तोच पर्शा, तोच कोपरा. मग करंगळीची गोष्ट सांगितली. अण्णांनी दोन वेळा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पर्शाला घ्यायचा तर ह्यालाही घ्यायला लागेल, असंच ना?"

"असंच."

"म्हणजे चौदा रेघा आपण चुकीच्या माणसापुढे ओढल्या."

"चुकीच्या नाही. अर्ध्या अर्ध्या ओढायला हव्या होत्या."

"आणि जिल्ह्याला कारण काय कळवू? 'करंगळी उत्तम'?"

"लिहा तसं. मी सही करतो."

अण्णांनी पेन उचललं. "ह्या बुवांनी तुम्हाला पार बिघडवलंय," ते म्हणाले, आणि बाराव्या जागी ठळक अक्षरात लिहिलं, हिराजी म्हात्रे. मी रबर काढून माझी फुली खोडली. चहाचा डाग मात्र राहिला, तो अजून आहे.

ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं तेव्हा हिराजी मंडपातल्या चटया गुंडाळत होता. त्याच्याआधी त्याची आई उठली. ती तरातरा घराकडे गेली आणि तिनं रस्त्याकडच्या दोरीवरून तो बिनआकड्याचा बनियन ओढून काढला. दुसऱ्या दिवशी खारकोंडच्या देवळात ती त्याच बनियनच्या फडक्यानं पितळी समई घासताना मला दिसली.

ह्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. अण्णांखेरीज मी कुणाला सांगितलं नाही. हिराजीनं तसं विनवलं होतं. तो दोन वर्षं जिल्ह्याकडून खेळला, पर्शा नऊ वर्षं. पुढे पर्शा मुलींच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

मागच्या माघात खारकोंडला काल्याला गेलो. विष्णुबुवा आता नाहीत, त्यांचा मुलगा कीर्तन करतो. पोट तसंच, आवाज तसाच. मला आता उभं राहून टाळ धरवत नाही, म्हणून खांबाला टेकून बसलो होतो. पर्शा शेजारी येऊन बसला. केस पांढरे झालेले.

"सर, दुपारी मुलींचा सामना आहे. तुमची खुर्ची मागे ठेवलीय, शेवटच्या रेषेपलीकडे."

मी चमकलो. "मागे का रे?"

"हात दिसतात ना तिथून," तो म्हणाला, आणि समोर बघत राहिला.

मी खांब सोडून त्याच्याकडे वळलो. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी, सर. करंगळी माझीपण सुजायची की!"

"आणि तीस वर्षं गप्प? हिराजीला एकदा तरी बोलायचंस!"

"बोललो असतो तर हिरादादा लाजला असता. लाजला असता तर करंगळी काढून घेतली असती. मग मी काय केलं असतं?" तो हसला. "त्याला वाटू दे ना, मला माहीत नाही."

पुढे कीर्तनात डोंगर वर गेला होता. काठ्या लागल्या होत्या. हिराजी अजूनही सगळ्यात पुढच्या रांगेत बसायचा. साठीचा झालेला, पांढरी टोपी, वाकलेली करंगळी गुडघ्यावर.

"सर," पर्शा माझ्या कानाशी म्हणाला, "तो पेंद्या आहे ना, त्याला सगळं ठाऊक होतं."

एवढं बोलून तो उठला, माणसांतून वाट काढत पुढे गेला आणि हिराजीच्या शेजारी मांडी घालून बसला. बुवांनी विचारलं, "सांगा, डोंगर कुणाच्या काठीवर?" आणि मंडपात सगळ्यांच्या वरचढ आवाजात पर्शा ओरडला, "माझ्या!"

हिराजी डोळे पुसत हसत होता.